खंड्याचा चतकोर

गेल्या चंपाषष्ठीला मी खंड्याला गावी सोडायला निघालो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना माझ्याबद्दल उगाच चांगला ग्रह व्हायला नको.

खंड्या हा आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा कुत्रा. (किंगफिशर पक्ष्यालाही मराठीत खंड्या म्हणतात, पण आमचा खंड्या खंडोबावरून. आमचं कुलदैवत.) नऊ वर्षांपूर्वी ऐन पावसात अण्णा दूध आणायला गेले आणि एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात हे ओलं गाठोडं घेऊन परत आले. रंग करपलेल्या भाकरीसारखा, शेपटी वळलेली, जात शुद्ध गावठी. अण्णा गेले आणि खंड्या आमच्या फ्लॅटवर आला. बायको आणि मी दोघंही नोकरीवाले, मुलगी शिकायला बाहेरगावी. दिवसभर तो दाराशी बसून रडायचा. मग सोसायटीचं पत्र आलं. त्यात "मोकाट कुत्र्यांचा उपद्रव" असे शब्द होते. गळ्यात पट्टा, महापालिकेचा परवाना, तिसऱ्या मजल्यावर कुलपाआड बसलेला... आणि मोकाट! महिन्याभराने दुसरं पत्र आलं.

ज्याला त्याला सांगून पाहिलं. सल्ला सगळ्यांचा एकच. "गावाकडे सोडून या की. तिकडे मोकळा राहील बिचारा."

हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की मलाही ते पटायला लागलं. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक गाव असतंच. तिथे अंगण असतं, ओसरी असते, चुलीवर भाकरी थापणारी आजी असते, आणि भाकरीचा तुकडा खाऊन दाराशी पडलेलं एक कुत्रंही असतं. म्हटलं, त्या चित्रातल्या कुत्र्याच्या जागी आपला खंड्या नेऊन ठेवला की झालं.

नगर जिल्ह्यातलं, श्रीरामपूरकडचं आमचं गाव. पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. खंड्या मागच्या सीटवर, खिडकीतून नाक बाहेर काढून. शिरूर गेलं, सुपं गेलं, नगर आलं. (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं.) नगर सोडून राहुरीच्या रस्त्याला लागल्यावर मला अण्णांचा चतकोर आठवला.

अण्णांनी गाव सोडलं ते १९७२ च्या दुष्काळात. त्याआधीच्या गावाच्या गोष्टी सांगताना ते हमखास चतकोरावर यायचे. घरात पहिली भाकरी गाईची आणि शेवटच्या भाकरीतला चतकोर कुत्र्याचा. घरात खाणारी तोंडं अकरा आणि भाकऱ्या मोजून. तरी चतकोर चुकायचा नाही. लहानपणी अण्णांनी एकदा भुकेपोटी तो चतकोर खाल्ला, तर आजीने पाठीत धपाटा घातला. "त्याच्या वाट्याचं खाल्लंस?" म्हणाली. अण्णा ही गोष्ट हसत सांगायचे, पण "वाट्याचं" हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज बदलायचा.

मला जुन्या गावाच्या रचनेबद्दल वाचायचा नाद आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ मध्ये आलं. तेव्हापासून बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार हा हिशेब मराठी वाचकाला पाठ आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव... यादी गावागणिक थोडी बदलते. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि सुगीला खळ्यावर प्रत्येकाचा वाटा ठरलेला. त्या व्यवस्थेत अन्याय किती होता, आणि तो कुणाच्या वाट्याला जास्त आला, हेही आता सगळ्यांना माहीत आहे. त्याचं गुणगान मला करायचं नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की कुत्रं कुठल्याच यादीत नसलं तरी त्याचा व्यवहार तोच होता. ते रात्री गाव राखायचं आणि दारोदार वाटा घ्यायचं. ते एका घराचं नसायचं, आळीचं असायचं. त्याला मालक नव्हता, पण ते बेवारसही नव्हतं. आजच्या आपल्या भाषेत या दोहोंच्या मधे शब्दच उरलेला नाही.

ही देवघेव जुनी आहे. वैश्वदेवानंतर जे अन्न बाहेर ठेवायचं त्यात कुत्र्यांचाही भाग असावा, असं मनुस्मृती सांगते. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट तर आपण शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. कोरडी कशी खाशील, म्हणून.

असो. साडेनऊला गावात पोचलो.

*

गाडी वेशीजवळच्या मारुतीपाशी लावली आणि खंड्याला खाली उतरवलं. चार तास दाबून ठेवलेला बिचारा. तो थेट पारापाशी गेला, एक उभा दगड हुंगला आणि तंगडी वर करणार, तोच मी पट्टा खेचला. कारण तो दगड म्हणजे आमच्या गावची वीरगळ.

तुमच्याही गावात असेल. महाराष्ट्रात गावोगाव मारुतीजवळ, महादेवाच्या देवळाबाहेर किंवा वेशीपाशी हे दगड उभे असतात, कधी शेंदूर फासलेले तर कधी अर्धे जमिनीत गेलेले. लढून मेलेल्या माणसाचं हे स्मारक. खालून वर वाचायचं. खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं पळवून नेणारे चोर आणि मेलेला वीर. मधल्यात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात. वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेपर्यंत कीर्ती राहो, असा अर्थ. आमच्या वीरगळीवर एक अक्षर नाही. कोण होता, कधी मेला, कुणाला ठाऊक नाही. बाया शनिवारी मारुतीबरोबर त्यालाही तेल घालतात.

पट्टा खेचून खंड्याला बाजूला घेताना मला एकदम दुसरी एक वीरगळ आठवली आणि मी जरा ओशाळलोच. ती वीरगळ कुत्र्याची आहे.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं खेडं आहे. तिथला हा दगड आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात ठेवलाय. त्यावरचा कन्नड लेख शके ८७२ चा, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा. तेव्हा मान्यखेटच्या गादीवर राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण होता. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळात कोरलं गेलं त्याच घराण्यातला, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचाही तेव्हाचा राजा. ९४९ मध्ये तक्कोलमला राष्ट्रकूट आणि चोळ यांची मोठी लढाई झाली. कृष्णाच्या बाजूने लढणारा गंग राजा बुतुग याने चोळ राजपुत्र राजादित्याला हत्तीवरच ठार केलं. कृष्णाने खूश होऊन बुतुगाला बनवासीसारखे मोठे प्रांत दिले.

बुतुगाच्या पदरी मणलेर नावाचा एक योद्धा होता. त्यानेही लढाईत शर्थ केली. बुतुग त्याला म्हणाला, हवं ते माग. प्रांतांची खैरात चालली होती. आणि मणलेराने काय मागावं? बुतुगाचं शिकारी कुत्रं. नाव काळी.

पुढे बेळतूर गावाच्या पश्चिमेच्या डोंगरावर काळीची एका मोठ्या रानडुकराशी गाठ पडली. दोघंही झुंजले आणि दोघंही मेले. मणलेराने आतकूरच्या देवळासमोर दगड उभा केला. त्यावर कुत्रं आणि डुक्कर एकमेकांना भिडलेत. दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. आणि एक अट घातली, की पूजा करणाऱ्या गोरवाने या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवलं तर त्याला त्या कुत्र्याचं पाप लागेल.

दक्षिणेच्या इतिहासात हा लेख महत्त्वाचा मानला जातो तो तक्कोलमच्या लढाईसाठी. राजादित्य कसा मेला, कुणाला कुठले प्रांत मिळाले, हे त्यातून कळतं. पण ज्याने दगड उभा केला त्याच्यासाठी लढाई ही प्रस्तावना होती. दगड कुत्र्यासाठी होता. इतिहासकाराला हवं ते सापडलं, पण ते कुत्र्याच्या कृपेने सापडलं!

खंड्याने शेवटी पलीकडच्या विजेच्या खांबापाशी काम उरकलं.

*

आता मुख्य अडचण. मी ज्या गावात कुत्रं सोडायला आलो होतो ते गाव जागेवर नव्हतं.

म्हणजे मारुती होता, वेस होती, आमचा पडका वाडाही होता. पण गावठाणात माणसं थोडीच. दादा, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, वीस वर्षांपासून मळ्यात राहतो. त्याच्यासारखेच बाकीचेही. प्रत्येकाने आपापल्या शेतात बंगला बांधलाय. दोन वस्त्यांमध्ये ऊस. आळीच उरली नाही, तर आळीचं कुत्रं कुठून असणार?

याला कारण पाणी. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. त्याचे कालवे या भागात फिरले आणि बाजरीच्या मुलखात ऊस आला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला. मग कारखान्यांची रांगच लागली. यातून या मुलखाचं भलं झालं, आमच्या घराचंही झालं. पण उसाबरोबर आणखी एकजण राहायला आला. त्याची कल्पना मला पुण्यात बसून नव्हती.

मळ्यात पोचल्यावर मी दादाला येण्याचं कारण सांगितलं. फोनवर सांगायचा धीर झाला नव्हता. त्याने खंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "रात्री कुठं झोपतो हा?"

"आमच्या खोलीत. पलंगाखाली."

"मग इथं आठ दिस टिकायचा नाय. बिबट्या नेईल."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याने गोठ्याला लावलेली जाळी दाखवली. मागच्या दोन वर्षांत त्याची तीन कुत्री गेली होती. एक तर ओसरीवरून नेलं, आतमध्ये टीव्ही चालू असताना. "आमची कुत्री जन्मापासनं इथली. त्यांना वास कळतो, अंधार पडला की घराला चिकटून बसत्यात. तरी जात्यात. ह्याला काय कळणार?"

घरी आल्यावर मी याबद्दल शोधून वाचलं. आमच्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो याचा अभ्यास केला होता. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्या-मेंढ्या, गुरं सगळी त्याच्या मागे. पाण्याने ऊस आणला, उसाने बिबट्याला आडोसा दिला आणि बिबट्याला आयतं भक्ष्य मिळालं ते कुत्र्याचं. गावचा राखणदार होता तो आता उसाच्या कडेला ठेवलेलं ताट झालाय.

"गावाकडे मोकळा राहील बिचारा."

*

दुपारी तळी भरली. चंपाषष्ठी ना! ताम्हनात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. पाचजणांनी मिळून ताम्हन उचललं आणि येळकोट केला. खंड्या आधी दचकला, मग तोंड वर करून त्यानेही सूर लावला. नानी (माझी थोरली चुलती, आता ऐंशीच्या पुढची) हसून म्हणाली, "बघ, वाघ्या आला आपल्याकडं."

ती सहज बोलली, पण त्यात फार जुनं काहीतरी आहे. खंडोबाच्या भक्तांना वाघ्या म्हणतात आणि ते स्वतःला देवाचं कुत्रं मानतात. जुन्या रीतीत वाघे देवापुढे भुंकायचे आणि कोटंब्यातलं अन्न कुत्र्यासारखं तोंड लावून खायचे. कर्नाटकात हाच देव मैलार होतो आणि तिथे त्याच्या भक्तांना गोरव म्हणतात. काळीच्या दगडाची पूजा ज्याच्याकडे सोपवली होती त्या पुजाऱ्यालाही लेखात गोरव हाच शब्द आहे. दोन्ही गोरव एकच, असं मी म्हणत नाही. हजार वर्षांत शब्द फिरतात. पण तळीचा भंडारा कपाळावर असताना ते आठवलं आणि अंगावर काटा आला एवढं खरं.

खंडोबाच्या मूर्तीत घोडा असतो आणि बरोबर कुत्रंही असतं. दत्ताच्या पायाशी तर चार, त्यांना आपण चार वेद म्हणतो. अर्थात, देवाजवळच्या कुत्र्याला वेद म्हणणारे आपणच, आणि दाराशी आलेल्याला हाड म्हणणारेही आपणच.

नैवेद्य वांग्याच्या भरताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा. देवाला दाखवून झाल्यावर नानीने एक रोडगा घेतला, त्यावर भरीत घातलं आणि ताटं वाढायच्या आधी स्वतः उठून, गुडघ्यावर हात ठेवत, खंड्यापुढे नेऊन ठेवला.

"नानी, त्याला मसाल्याचं चालत नाही," मी म्हणालो.

"आज चालतं," ती म्हणाली. "आज त्याच्या आधी आपण खायचं नसतं." मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तू ह्याला ठिवायला आलास म्हणं?"

मी काही बोललो नाही. तीही पुढे बोलली नाही. आजीचा धपाटा मला मिळाला नाही, पण तो कुठे बसला असता ते कळलं.

*

जेवणानंतर घरात बसवेना. दादाची परवानगी घेऊन मी खंड्याला गाडीत घातलं आणि दायमाबादला गेलो. आमच्या तालुक्यातलंच, पण अण्णांबरोबर जाऊ जाऊ म्हणत राहून गेलेलं.

प्रवरेच्या डाव्या काठावरचं हे उजाड गाव. पांढरीचं टेकाड, बाभळी, खाली नदी. पाहण्यासारखं काही नाही असंच कुणीही म्हणेल. पण इथे सुमारे इसवी सनापूर्वी २२०० पासून १००० पर्यंत माणसं एकावर एक थर रचत राहिली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर. यातलं जोर्वे म्हणजे याच नदीच्या काठचं, संगमनेरजवळचं खेडं. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये दायमाबाद शोधलं आणि नंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि साळी यांनी तीन टप्प्यांत ते खणलं.

पण सगळ्यात मोठा शोध यांच्यापैकी कुणाचाच नाही. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा इथलाच एक माणूस झुडपाचं मूळ खणत होता. त्याला खाली धातूच्या चार वस्तू लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांची गाडी. चारही भरीव, मिळून साठ किलोंच्या वर. थरांतून रीतसर न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, पण पुष्कळजण त्यांना उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात.

यातल्या गाडीचा फोटो तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिला असेल. लांबी ४५ सेंटीमीटर. दोन बैल जुंपलेत, लांब दांडी आहे आणि मागे गाडीवान उभा आहे, १६ सेंटीमीटर उंच. फोटो पुन्हा नीट बघा. गाडीवानाच्या पुढ्यात, दांडीवर, एक इवलंसं कुत्रं उभं आहे.

मी तो फोटो शाळेपासून पाहत होतो आणि मला ते कुत्रं कधी दिसलंच नव्हतं. दाखवलं अण्णांनीच, खंड्या घरात आल्यानंतर. "हा बघ आपला," म्हणाले.

त्या कुत्र्याचं तिथे काही काम नाही. बैल हवेत, नाहीतर गाडी चालणार नाही. गाडीवान हवा. कुत्रं नसतं तरी काही अडलं नसतं. तरीही कुणीतरी ते ओतलं, कारण त्या कारागिराला गाडी निघाली की कुत्रं बरोबर असतंच हे माहीत होतं. त्याने वेगळा विचारसुद्धा केला नसेल. चार हजार वर्षांपूर्वीचा कुणी माणूस बाहेर निघालाय आणि कुत्रं उडी मारून पुढे चढलंय, एवढंच. आमच्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी हेच व्हायचं. अण्णांनी स्कूटर काढली की खंड्या पुढे पायाशी.

मी हा विचार करत बसलो होतो तेवढ्यात खंड्याने उकरायला सुरुवात केली. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय उत्खनन! मी धावत जाऊन त्याला आवरलं. त्याच्या नाकाला माती आणि पायाशी खापराचा एक तुकडा. तुकडा होता तसा माती लोटून झाकला. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि नदीकडे बघत राहिला.

खरं सांगायचं तर माझा निर्णय तिथेच झाला. पण माणूस निर्णय झाल्यावरही कारणं शोधत राहतो.

*

संध्याकाळी परत आलो तर दादाच्या रिकाम्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. खतासाठी शेतकरी मेंढ्या बसवून घेतात, त्यातला. तीनेकशे मेंढ्या, दोन घोडी, चार कुत्री. कुत्र्यांनी खंड्याला लांबूनच तपासलं. खंड्या माझ्या पायामागे. म्हातारा धनगर चहा पीत होता, त्याच्याशी बोलत बसलो. त्याची कुत्री रात्री चार कोपऱ्यांना बसतात. बिबट्या येतो का? येतो, पण चौघं एकदम उठतात आणि माणसंही उठतात, त्यामुळे सहसा जवळ येत नाही. पाल ठोकली की आधी कुत्र्यांचं खाणं, मग माणसांचं. मला वाटलं, तो जुना करार शाबूत आहे तो इथे. काम आहे, वाटा आहे आणि रात्री बरोबरीने उठणारी माणसं आहेत.

मी त्याला विचारून पाहिलं. "हा गावात राहील का हो, बाबा?"

म्हातारा खंड्याकडे बघून म्हणाला, "मांजर जागेला असतं. कुत्रं माणसाला असतं. ह्याचा माणूस कोण?"

"माझे वडील होते. वारले."

"मग आता तुम्हीच की." आणि त्याने चहाचा कप विसळला.

महाभारत कुत्र्यापासून सुरू होतं आणि कुत्र्यापाशी संपतं, हे मला परतीच्या वाटेवर आठवलं. शेवटचं सगळ्यांना माहीत आहे. युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार होत नाही. पण आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, जनमेजयाच्या यज्ञाशी एक पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन विचारते, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, चाटलं नाही, मग का मारलं? कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते, की निरपराध्याला मारलंत म्हणून ध्यानीमनी नसताना तुमच्यावर भय येईल. इतक्या मोठ्या ग्रंथाच्या तोंडाशी हा साधा प्रश्न ठेवलाय. याने काय केलं होतं?

सोसायटीच्या पत्रातला 'मोकाट' हा शब्दही गाडी चालवताना डोक्यात घोळत होता. शब्द जुना असेल, पण मोकाट कुत्रं हा कायद्याचा गुन्हेगार झाला तो इंग्रजी अमलात. मुंबईत कंपनी सरकारने उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत रस्त्यावरची कुत्री मारायची मुभा दिली होती. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आण्यांसाठी शिपाई दारातली, घरातलीसुद्धा कुत्री ओढून नेऊ लागले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशांनी ६ जून १८३२ ला कोटात दंगा केला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, इस्माइली असे सगळे मिळून बाजार बंद पाडला आणि कुलाब्याच्या फौजेची रसदही अडवली. त्यामागे इतरही राग होते, पण ठिणगी कुत्र्याची. साहेबाच्या लेखी कुत्र्याचे दोनच प्रकार होते, मालकीचं आणि मोकाट. आळीचं कुत्रं हा तिसरा प्रकार त्याच्या वहीत बसत नव्हता. साहेब गेला. वही आपण ठेवून घेतली.

पण सगळं साहेबावर ढकलूनही चालणार नाही. "गावाला सोडून येऊ" हे आपण स्वतः बनवलेलं वाक्य आहे. म्हातारी माणसं, म्हातारी गुरं, नको झालेली कुत्री, यांना ठेवायला आपल्याला गाव लागतं. त्या गावात काय उरलंय हे बघायला मात्र आपण जात नाही. मी गेलो नसतो आणि दादाला फोनवरच "पाठवतो" म्हणालो असतो, तर आज खंड्या त्या ३९ टक्क्यांत जमा झाला असता, आणि मी "तिकडे मोकळा राहतो" असं लोकांना सांगत फिरलो असतो.

निघताना नानीने फडक्यात चार रोडगे बांधून दिले होते. रात्री अकराला पोचलो. वॉचमनने फाटक उघडलं, मागच्या सीटवर बघितलं आणि म्हणाला, "परत आणला, साहेब?"

"हो."

दुसऱ्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दिवसाचा प्रश्न तात्पुरता सुटलाय. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ दुपारी त्याला आपल्याकडे घेतात, त्यांचंही घर रिकामंच आहे. रडणं पुष्कळ कमी झालंय. कमिटीला ते पुरेल का, माहीत नाही. बघू.

आमच्याकडे आता भाकरी रोज होत नाही, पोळ्या होतात, आणि त्याही बाईंच्या हातच्या. पण शेवटच्या पोळीचा चतकोर मी आधी मोडून बाजूला ठेवतो. खंड्याला त्याच्या गोळ्या-गोळ्यांच्या खाण्यापुढे त्याचं काही विशेष वाटत नाही. कधी खातो, कधी नुसता हुंगतो. तरी ठेवतो. त्याच्या वाट्याचा आहे.